येसबाचं गाव

येसबासमोर कुणी ‘जातो’ म्हटलं, की तो हातातलं काम टाकून बाहेर यायचा आणि आपला पिठाचा तळहात त्या माणसाच्या तोंडावर ठेवायचा. मारायचा नाही. मूल काही वेडंवाकडं बोललं की आई ठेवते तसा नुसता ठेवायचा, आणि समोरचा ‘येतो’ म्हणेपर्यंत काढायचा नाही. वेल्डर असो, ड्रायव्हर असो, त्याला सगळे सारखे. आमचे साइट इंजिनियर पुण्याचे होते, वाळवंटातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांच्या मिशीला लागलेलं पीठ मी स्वतः पाहिलं आहे.

येसबा हे आमच्या माणसांनी पाडलेलं नाव. खरं नाव युसेबियो. तो पेरू देशातला, दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वतात रूमीपाता म्हणून गाव आहे, तिथला. डोंगर उतरून बंदरावर आला, बोटीवर आचारी झाला, आणि अर्धी पृथ्वी फिरल्यावर बोटीनं त्याला आजारी म्हणून कतारमध्ये उम्म सईदच्या धक्क्यावर उतरवलं. बरा होईपर्यंत बोट निघून गेली होती. आमच्या कंपनीला कॅम्पसाठी आचारी हवाच होता.

कॅम्प दोह्याजवळ, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या अलीकडे, पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. फिटर आणि वेल्डर बहुतेक सातारा-सोलापूरकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. येसबाचं उकडलेलं जेवण त्यांनी काही आठवडे सोसलं. मग कराडकडचे सदाशिवनाना एके दिवशी ताटावरून उठले, सरळ भटारखान्यात शिरले आणि त्याला पिठलं शिकवून बाहेर आले. पिठल्याबरोबर भाषाही आत गेली.

मी कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून गेलो तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. विमानाचा शीण आणि अंगातून वाहणारा घाम घेऊन मेसच्या दारात उभा होतो. आतून एक बुटका, रुंद छातीचा माणूस आला. गाल भाजलेल्या विटेसारखे, डोळे बारीक. मला वाटलं नेपाळी असावा, म्हणून मी हिंदीत विचारलं, खाना मिलेगा क्या. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “मिळंल की. हात धू आदी.” मी नानांना हळूच विचारलं, हा कोल्हापूरचा का? नाना म्हणाले, “त्यालाच इचार. आमच्यापेक्षा चांगलं सांगंल.”

तो सगळ्यांना अरे-तुरे करायचा. कॅम्पातली माणसं एकमेकांशी जशी बोलत तसंच तो शिकला. ‘तुम्ही’ हा शब्द त्याच्या कानावर फारसा पडलाच नव्हता. इंजिनियरसाहेबांना तो ताट वाढताना म्हणायचा, “घे रं, लाजू नगंस.” साहेब आधी रागावले, नंतर त्यांना त्याची सवय झाली, आणि बदली होऊन गेले तेव्हा म्हणाले की घर सोडल्यापासून मला ‘घे रं’ म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

आणि तो गाव सांगायचा. कांदा चिरताना, भांडी घासताना, तव्यावर भाकरी असताना. रूमीपाताच्या वर डोंगरात जुन्या लोकांची दगडी बांधकामं आहेत, शेकडो वर्षांची, मोठमोठ्या शिळा एकमेकींत बसवलेल्या. त्यांना तो ‘आमचे आजे’ म्हणायचा, जणू ते कालपरवाच वारले होते. त्या अवशेषांपासून गावापर्यंत डोंगराला पायऱ्या आहेत म्हणाला, तेव्हा नानांनी विचारलं, देवळाच्या का? “न्हाय. बटाट्याच्या.” ती शेती होती. नाना म्हणाले, मग त्याला ताली म्हणतात, आमच्याकडेपण डोंगराला ताली घालतात. येसबाला तो शब्द इतका आवडला की पुढे त्याच्या तोंडी सगळा आंदीज पर्वत तालींनीच भरून गेला.

शुक्रवारी सुट्टी असायची. एकदा आम्ही त्याला उम्म सलाल मोहम्मदचा जुना बुरूज दाखवायला नेलं. आमच्या दृष्टीनं कतारमध्ये पाहण्यासारखं जुनं तेवढंच. येसबानं भिंतीला हात लावला, वास घेतला, आणि म्हणाला, “नवंच हाय.” तिथला म्हातारा राखणदार आमचं बोलणं न समजताही हसला, आणि त्यानं आम्हाला घोट घोट काळी कॉफी पाजली.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट आईच्या पाट्याची. मसाला वाटायचा आपला दगडी पाटा असतो तसाच त्यांच्याकडे असतो. त्याच्या आईचा पाटा म्हणजे वरच्या अवशेषांतली एक सपाट शिळा, पणज्यानं कधीतरी गडगडत खाली आणलेली. शहरातून सरकारी माणसं आली, म्हणाली आजी, हा दगड सरकारजमा करायचा. “आई काय बोलली न्हाय. दगडावर बसली. ऊन चढलं, ऊन उतरलं, बसलीच. मंग त्यास्नीच भूक लागली. आईनं बसल्या जागंवरनं त्यास्नी ज्येवाय घातलं. ज्येवल्यावर म्हनले, आजी, ऱ्हाऊ दे दगड.” ही गोष्ट आम्ही कितीदा ऐकली असेल. शेवटी तो दर वेळी तोच प्रश्न विचारायचा, “मानसाला ज्येवाय घातल्यावर त्याच्यानं वंगाळ वागवतं का, सांग बरं?”

आता त्या शब्दाकडे येतो. नाना रजेवर निघाले होते, मेसच्या दारात बॅग ठेवून सगळ्यांना ‘येतो, येतो’ म्हणत होते. येसबा खो-खो हसायला लागला. जातोयस आणि येतो म्हणतोस? नानांनी त्याला खाली बसवून समजावलं. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, म्हणजे माणूस परत येतं. जातो म्हणून गेलेलं माणूस येत नाही.

येसबाचं हसू गेलं. मग म्हणाला, “मी आईला जातो म्हनलो हुतो. आमच्या भाषेत. दारात उभा ऱ्हाऊन.” त्याला घर सोडून कितीतरी वर्षं झाली होती. बोट, बंदर, पुन्हा बोट. परत जाणं जमलंच नव्हतं. का जमलं नाही याचं कारण त्याला त्या दिवशी सापडलं, निदान त्याला तरी तसं वाटलं. आम्ही जन्मभर हा शब्द वापरत आलो होतो, त्यामागचा अर्थ आमच्यासाठी झिजून गेला होता. त्यानं तो नवा कोरा उचलला.

त्या काळी आखातातली माणसं घरी पत्रांपेक्षा कॅसेटी पाठवत. येसबाही आईला पाठवायचा. पिठाच्या पोत्यावर टेपरेकॉर्डर ठेवून आपल्या डोंगरी भाषेत अखंड बोलायचा, मधेच गायचा, आणि गाणं त्याचं फार वाईट होतं. नाना गेल्यानंतरच्या शुक्रवारी त्यानं जी कॅसेट भरली तिच्या शेवटी रेकॉर्डरजवळ तोंड नेऊन तो स्पष्ट मराठीत म्हणाला, “येतो.” आम्ही हसलो. तो शांतपणे म्हणाला की आईला अर्थ समजावून सांगितलाय. चुकीचा शब्द बोलून निघालो होतो, तो दुरुस्त करतोय. त्यानंतरच्या प्रत्येक कॅसेटचा शेवट तोच असायचा. आणि तेव्हापासूनच तो पिठाचा हात सुरू झाला. त्याच्या आईची सवय होती ती. पोरांच्या तोंडून अभद्र निघालं की ती असा हात ठेवायची.

एका गुरुवारी मेसमधून निघताना मी ‘येतो’ म्हणालो आणि शुक्रवारी गेलो नाही. कुणी तरी दोह्याला बाजारात चाललं होतं, मी गाडीत बसलो. शनिवारी गेलो तर येसबानं माझ्यासमोर एक झाकलेलं ताट आणून ठेवलं. आदल्या दिवशीचं, गार, भाकरी वाळून वर आलेली. त्यानं स्वतःही जेवण केलं नव्हतं, असं इतरांनी सांगितलं. मी म्हणालो, अरे बाबा, ते निघताना म्हणायचं असतं, त्याचा एवढा अर्थ धरायचा नसतो. तो म्हणाला, “मंग निघताना खोटं बोलायचं असतं व्हय?”

मी ते गार ताट संपवलं. त्यानंतर त्याच्यासमोर तो शब्द मी जपून वापरायला लागलो. येणार असलो तरच ‘येतो’ म्हणायचो; नसलो तर ‘बरंय मग’ म्हणून निघायचो. त्याला हा फरक कळायचा. ‘बरंय’ म्हटलं की तो ताट झाकून ठेवायचा नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. फरक मलाही माहीत होता.

पुढे मला कुटुंब आणायला फॅमिली स्टेटस मिळालं. दोह्यातल्या मुशैरिब भागात दोन खोल्या घेतल्या, बायको सुमन आणि आमची मुक्ता आली. मुक्ता तेव्हा नुकती चालायला लागली होती. येसबा शुक्रवारी कॅम्पच्या गाडीनं यायचा, सुमनला ‘वैनी, तू बस’ म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर काढायचा आणि आमच्याच घरात आम्हाला जेवायला घालायचा. सुमनला पहिल्यांदा त्याचं ते ‘तू’ खटकलं; मग तिनंच एकदा म्हटलं, माझा धाकटा भाऊ असाच बोलतो. तो मुक्ताला खांद्यावर बसवून गच्चीत फिरायचा आणि तिला खाली दिसणाऱ्या गल्लीतून आपला गाव दाखवायचा. ही ताल, ती ताल, ते आज्यांचं घर, तिथं माझी आई बसलीय दगडावर.

“वसंता, माज्या गावाला येशील?” असं त्यानं मला तिथंच विचारलं. मी म्हणालो, हो, येईन की कधीतरी. “तसं न्हाय. नीट म्हन.” मी नीट म्हटलं. येतो. तो म्हणाला, आई तुला काळे बटाटे वाढील, हिवात वाळवलेले, लेंडीसारखे दिसतात. खा आणि तोंड वाकडं करू नकोस.

दोन हिवाळ्यांनंतर त्याला खोकला लागला. आधी वाटलं धुळीचा असेल. मग अंग गळायला लागलं, रात्रीचा ताप यायला लागला, आणि कंपनीनं त्याला सरकारी इस्पितळात नेलं. क्षय निघाला. त्याला वेगळ्या वॉर्डात ठेवलं. आजारी माणसाला त्याच्या देशात परत पाठवायचं ठरलं, आणि येसबाला त्याचा आनंद झाला. तिकीट, बरोबर जाणारा माणूस, सगळी सोय कंपनी करणार होती. तो आईकडे निघाला होता. नाना तोवर नोकरी सोडून कायमचे कराडला गेले होते. त्यामुळे त्याचं म्हणावं असं इथं मीच होतो.

मी गेलो. एकदाच गेलो. वॉर्डाच्या दारात उभा राहिलो, रुमाल नाकाशी धरून. खाटेवर तो अर्धाच उरला होता. खाटेशेजारी एक खुर्ची होती. “आत ये की,” तो म्हणाला, “खुर्ची हाय.” मी म्हणालो, खाली ऑफिसची गाडी उभी आहे. गाडी नव्हती. मी टॅक्सीनं आलो होतो. मला आत जायचं नव्हतं, त्याच्या श्वासातली हवा घेऊन मुक्ताजवळ जायचं नव्हतं, एवढंच खरं होतं. त्याला ते दिसलं असेल का, या प्रश्नाशी मी अजून झगडतो. वैनीला सांग, मुक्ताला सांग, मी घरला चाललो, एवढं म्हणाला.

निघताना मला ‘बरंय मग’ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “येतो.”

“कवा?”

“शुक्रवारी.”

“ये,” तो म्हणाला, आणि त्यानं हात लांब करून खुर्ची जराशी खाटेकडे ओढली.

पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो शब्द सवयीनं गेला; मराठी माणूस निघताना दुसरं काय म्हणणार. ते खोटं आहे. त्याच्यासमोर तो शब्द सवयीनं जाणं मी केव्हाच बंद केलं होतं. मी जाणूनबुजून म्हणालो, कारण त्याशिवाय मला त्याच्याकडे पाठ फिरवता येत नव्हती.

शुक्रवारी मुक्ता खोकली. साधा पडशाचा खोकला. मी दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिलो. शनिवारी ऑफिसात इस्पितळातून फोन आला. वॉर्डातली मल्याळी सिस्टर होती. म्हणाली, तुमचा मित्र जायला तयार नाही. सोमवारचं विमान आहे, कागद तयार आहेत, आणि तो म्हणतोय वसंता येतो म्हणालाय, तो येऊन गेल्याशिवाय निघणार नाही. पाच मिनिटं येऊन जा ना, प्लीज. मी म्हणालो, त्याला सांगा, उद्या येतो.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती म्हणाली, “जाऊन या. आल्यावर बाहेरच कपडे काढा, मी पाणी तापवून ठेवते.” दुसऱ्या दिवशी तिनं पाणी तापवलंही. मी ऑफिसातून निघालो, इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेलो आणि समुद्राच्या बाजूला वळलो. तिथल्या कट्ट्यावर अंधार पडेपर्यंत बसलो आणि घरी आलो. सुमननं बादली बाहेर आणून ठेवली होती. मी त्या पाण्यानं अंघोळ केली. तिला वाटलं मी जाऊन आलो.

सोमवारचं विमान येसबाला न घेता गेलं. नंतरच्या विमानापर्यंत तो टिकला नाही. गावाबाहेरच्या दफनभूमीत त्याला पुरलं, तिथं मात्र मी गेलो. मेलेल्या माणसापासून खोकला लागत नाही.

त्याचं सामान न्यायला मी कंपनीच्या माणसाबरोबर इस्पितळात गेलो तेव्हा सिस्टर भेटली. माझं नाव ऐकल्यावर तिनं, न रागावता, सांगितलं की ती खुर्ची त्यानं कुणाला बसायला दिली नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. ती त्याला हिंदीत समजावायची, अरे, तो नाही येणार, तू जा, तिकडे आई आहे ना. तर तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणायचा, “हम चला गया तो वसंता झूठा बन जाएगा.” त्याला मला भेटायचं होतं म्हणून तो थांबला, असं मी समजत होतो. तो माझा शब्द पडू नये म्हणून थांबला होता.

नंतर सुट्टीवर गेलो तेव्हा नाना घरी भेटायला आले. त्यांनी विचारलं, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? मी म्हणालो, पोर लहान, सुमनला भीती वाटत होती, म्हणून जाणं झालं नाही. सुमन तिथंच बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकायला उठून गेली. मी गेलो नव्हतो हे तिला त्या क्षणी कळलं, आणि मी तिच्यावर ढकललं हेही. त्यावर ती आजतागायत एक शब्द बोललेली नाही.

नाना आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत कंपनीनं मला ट्रेनिंगला अमेरिकेत पाठवलं. ट्रेनिंग संपल्यावर मी सुमनला फोन केला, यायला जरा उशीर होईल. कुठे जाताय, तिनं विचारलं. मी म्हणालो, येसबाच्या गावाला. मग ती म्हणाली, “जाऊन या.”

विमानं, मग बस. बस डोंगर चढायला लागली तसं माझं डोकं फुटायला आलं, श्वास पुरेना. शेजारच्या बाईनं न विचारता माझ्या हातात कसलीशी पानं ठेवली आणि चघळून दाखवलं. रस्त्यात सैनिकांनी बस दोनदा थांबवली. त्या डोंगरांत तेव्हा अशांतता होती. वळणावरून समोरचा उतार दिसला आणि मला कुणी काही सांगावं लागलं नाही. ताली. एकीखाली एक, थेट खोऱ्यापर्यंत. येसबानं गच्चीवरून मुक्ताला दाखवल्या होत्या तशाच.

रूमीपाता म्हणजे एक चौक, एक चर्च आणि मातीच्या विटांची घरं. घरांची जोती मात्र वरच्या अवशेषांतल्या दगडांची; गावानं आज्यांचं घर थोडं थोडं करून खाली आणलं होतं. अवशेष पाहायला येणारे पाहुणे गाडीनं थेट वर जात, फोटो काढत आणि परत जात. गावात उतरत नसत. त्यामुळे एक काळासावळा परका माणूस चौकात उभा राहून युसेबियोचं घर विचारतोय म्हटल्यावर लोक जमले. शाळेच्या मास्तरांना इंग्रजी येत होतं. ते मला घेऊन गेले. अवशेष मी पाहिले नाहीत. वर जावंसं वाटलंच नाही.

त्याची आई दारातच बसली होती, पाट्यावर मका वाटत. डोक्यावर फेल्टची हॅट, खाली दोन पांढऱ्या वेण्या, गाल त्याच्यासारखेच भाजलेल्या विटेचे. मास्तरांनी सांगितलं, हा कतारहून आलाय, तुमच्या मुलाचा मित्र, वसंता. तिनं हात पुसले. माझं नाव तिला माहीत होतं; कॅसेटींमधून ऐकलं होतं. तिनं मला आत बोलावलं नाही, बस म्हणाली नाही. आधी प्रश्न विचारला. इतकी वर्षं तो तिच्या ओठांवरच असावा.

मास्तरांनी इंग्रजीत सांगितला. आईला मुलाच्या सामानाची पेटी मिळाली होती आणि कंपनीचं पत्र आलं होतं, ते मास्तरांनीच तेव्हा वाचून दाखवलं होतं. त्यात म्हटलं होतं की जाण्याची सगळी सोय केली होती, पण त्यानं प्रवासाला नकार दिला. “त्या विचारतायत,” मास्तर म्हणाले, “दर कॅसेटला येतो म्हणायचा. मग त्याला माझ्याकडे का यायचं नव्हतं? माझ्यावर रागावला होता का?”

मी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. तो सगळ्यांचा किती लाडका होता, काय काय शिकला, कसा हसायचा. त्याला प्रवास झेपला नसता, असंही सांगता आलं असतं; कोण तपासणार होतं तिथं. मी तिच्या समोरच्या दगडाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. दाराशी उभा राहिलो ते, गाडी उभी आहे म्हणालो ते, तो शब्द, ती खुर्ची, फाटकापासून वळलो ते. मास्तर सांगता सांगता मधे थांबले. त्यांनी मला विचारलं, हे असंच सांगू? मी म्हणालो, असंच.

ती रडली नाही. तिनं पाट्यावरचा मका हातानं एका बाजूला सारला आणि रिकाम्या दगडावरून तळहात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, खुर्ची खरंच कुणाला दिली नाही? मी म्हणालो, नाही. ती उठली, माझ्या अंगावरून गल्लीत गेली आणि जमलेल्या बायकांना मोठ्यानं काही तरी सांगायला लागली. एकीला, मग दुसरीला, पुन्हा पहिलीला. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता.

“त्या सांगतायत,” ते म्हणाले, “त्याला यायचं होतं.”

परत येऊन तिनं मला जेवायला वाढलं. काळे बटाटे, लेंडीसारखे. मी तोंड वाकडं न करता खाल्ले. ती समोर पाट्यावर बसून मी जेवताना पाहत राहिली. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही, आणि मास्तरांकरवी विचारायचं धाडस झालं नाही. मुलाचं ताट वाढावं तसं तिनं दोनदा वाढलं, इतकंच मला माहीत आहे.

दुपारच्या बसला ती चौकापर्यंत आली. निरोपाच्या वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कुठल्या शब्दाची वाट बघते आहे ते मला समजत होतं. तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघणं मला शक्य नव्हतं. या वेळी निरोप घेताना मी खरं बोललो.

“जातो, आई.”

तिला मराठी येत नव्हतं. पण हा तो शब्द नाही एवढं तिला कळलं. तिनं हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. तळहाताला मक्याच्या पिठाचा वास होता. दाबला नाही, नुसता ठेवला. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, लोक पाहत होते, आणि ती हात काढत नव्हती. मग तिनं मान हलवून स्वतःच म्हणून दाखवलं, स्पष्ट, अगदी कराडकडच्या नानांसारखं, “येतो.”

मी तिच्या हाताखालून म्हणालो, येतो. तेव्हा तिनं हात काढला.

त्याला आता तीन वर्षं झाली. परत जाणं जमलेलं नाही. मुक्ता इंग्रजी शाळेत मोठी झाली, येसबाच्या खांद्यावरचा आपला गच्चीतला फोटो पाहून परवा तिनं विचारलं, “हू इज धिस, बाबा?” मी म्हणालो, सांगतो. मी अजून दोह्यातच आहे.